तेरड्यासाठी राखलेली माती

आमच्या वाडीत गौर तेरड्याची असते. वर मुखवटा, अंगावर कोरी साडी, गळ्यात मंगळसूत्र. पण आत मुळांसकट उपटून आणलेल्या तेरड्याची जुडी. अनुराधा नक्षत्रावर तिला पाणवठ्यावरून वाजतगाजत घरी आणायची, ज्येष्ठावर पूजा करून जेवू घालायचं आणि मूळ नक्षत्रावर परत पाण्याला पोचवायचं. मी लग्न होऊन संगमेश्वर तालुक्यातल्या या गावी आले तेव्हा पऱ्ह्याच्या दोन्ही अंगांना तेरडा माजलेला असायचा. बायका गाणी म्हणत जायच्या, हव्या तेवढ्या काड्या उपटायच्या, तरी मागे वळून पाहिलं तर काही कमी झाल्यासारखं दिसायचं नाही.

मग रस्ता रुंद झाला. दरडीचा उतार जेसीबीने सरळ कापला गेला. उघड्या पडलेल्या तांबड्या मातीवर पहिली आली ती रानमोडी. ती मूळची अमेरिकेकडची, बी वाऱ्यावर उडणारं, आणि झुडूप असं की एकदा बसलं की खाली ऊन पोचू देत नाही. तेरड्याचं बी काही वाऱ्यावर जात नाही. बोंड फुटतं तेव्हा ते चार-पाच हात उडतं, फार तर पावसाच्या पाण्याबरोबर उताराने खाली वाहतं. म्हणजे एखाद्या जागेवरून तेरडा गेला की तो दुसरीकडून चालून परत येत नाही. ही गोष्ट मला फार उशिरा उमगली असं नाही, पण वाडीत ती कुणी बोलत नव्हतं. बाजारात गौरीच्या आदल्या दिवशी तेरड्याच्या जुड्या विकायला येऊ लागल्या आणि सगळ्यांनी त्या मुकाट्याने घेतल्या. मुंबईत दादरच्या फुलबाजारात तर हे केव्हाचं चाललंय. प्रत्येक जुडी कुठल्यातरी उतारावरची, बी धरण्याच्या आत उपटलेली.

मी अंगणात तेरडा लावणार म्हटल्यावर सासूबाई म्हणाल्या, ‘तेरडा काय लावायचा असतो काय गो? तो येतो.’ त्यांचं खरंच होतं. त्यांच्या काळात तो येत होता. आता तो यावा म्हणून काहीतरी करणं भाग होतं, आणि ते काय करायचं हे वाडीत कुणालाच करावं लागलं नव्हतं, त्यामुळे विचारायलाही कुणी नव्हतं.

बी मी खालच्या वाडीतल्या एका काकींच्या शेताच्या बांधावरून आणलं, त्यांना विचारून, आश्विनात. भाताच्या लोंब्या वाकायला लागल्या होत्या आणि बांधावरचा तेरडा पिवळा पडत होता. तेरड्याची बोंडं लवदार, मधे फुगीर, दोन्ही टोकांना निमुळती. कोवळी असताना ती दाबली तरी काही होत नाही. पिकली की हिरवा रंग जरा फिका, पिवळट होतो, आणि मग हात लागायचा अवकाश, पाचही पाखं आतल्या बाजूला गुंडाळली जातात आणि बी उधळतं. लहानपणी हा खेळ सगळ्यांनीच केलेला असतो. बी गोळा करायचं तर मात्र बोंड आधी पुऱ्या मुठीत घ्यायचं आणि मुठीतच फुटू द्यायचं. एखादं झाड मनात भरलं असेल तर त्याच्या फांदीला जुन्या मलमलीची सैल पिशवी बांधून ठेवायची. तपकिरी, मोहरीपेक्षा थोडं मोठं बी असतं. ते सावलीत सुकवून, कागदाच्या पुडीत, कोरड्या डब्यात ठेवलं की जूनपर्यंत छान राहतं. प्लास्टिकच्या पिशवीत आमच्या दमट हवेत ते घामेजतं.

जागा निवडताना मी बीच्या उताराने वाहण्याच्या सवयीचा विचार केला. आमचं अंगण मागच्या गडग्याकडून पुढे उतरतं. तेरडा मी वरच्या टोकाला, गडग्याच्या पायथ्याशी पेरला. सकाळचं ऊन मिळतं, दुपारी फणसाची सावली येते. पुढच्या पावसाळ्यात तो आपोआप खाली सरकला आणि त्याच्या पुढच्या वर्षी पार विहिरीच्या कठड्यापर्यंत आला. तेव्हापासून बी पेरण्याचं काम मला जवळपास उरलेलंच नाही.

उरलं आहे ते दुसरं काम, आणि तेच खरं मोठं आहे. तेरडा वर्षायू आहे. जूनमध्ये उगवतो, ऑक्टोबरपर्यंत त्याची काठी वाळून आडवी होते. उरलेले सात-आठ महिने तो फक्त बीच्या रूपात मातीत असतो, आणि त्या महिन्यांत ती माती रिकामी दिसते. रिकामी माती माणसाला बघवत नाही. पाऊस संपला की घराघरात अंगणाचं गवत काढून जमीन चोपतात, शेणाने सारवतात, खळं तयार करतात. ते हवंच, पुढे त्यावर आमसुलं, आंबोशी, साठं वाळवायची असतात. पण खळ्याची हद्द दरवर्षी थोडी थोडी गडग्याकडे सरकत असते. एप्रिल-मेमध्ये पालापाचोळा लोटून नेमका तिथेच पेटवला जातो, कारण ‘तिथे काहीच नाही’. मातीच्या वरच्या थरातलं बी त्या आगीत भाजून निघतं. मुंबईहून मे महिन्यात आलेला पाहुणा सहज म्हणतो, इथे दोन ब्रास खडी टाकून पेव्हर ब्लॉक घाला, चिखल होणार नाही. प्रत्येक उन्हाळ्यात मला कुणाला ना कुणाला सांगावं लागतं की तिथे तेरडा आहे. समोर कोरडी तांबडी माती असते आणि मी सांगत असते की तेरडा आहे. आता मी गडग्याकडच्या पट्टीला जांभ्याच्या चिऱ्यांची एक ओळ लावून टाकली आहे. कड दिसली की माणसं ओलांडत नाहीत. पाचोळा मी त्या पट्टीवर पातळ पसरून राहू देते. जाळत नाही आणि जाड थरही देत नाही, कारण जाड थराखाली कोंब कुजतात.

मृगाचे दोन-चार चांगले पाऊस पडले की आठवडा-दहा दिवसांत पट्टी हिरवी होते. पहिली दोन दलं गोलसर, जाडसर असतात. ती ओळखायला शिकावं लागतं, कारण त्याच वेळी टाकळा, कुर्डू आणि रानमोडीही उगवत असते. दलांनंतरचं पान कातरलेल्या कडेचं आलं की मग शंका राहत नाही. रानमोडी मी याच वेळी उपटते, दोन बोटांत येते तेवढी असताना. ऑगस्टमध्ये तिला उपटायचं तर कुदळ लागते. टाकळ्याची कोवळी पानं भाजीला जातात.

रोपं दाट आली की विरळ करणं गरजेचं आहे. तेरड्याची मुळं वरवर असतात, खोडाच्या खालच्या पेरांनाही मुळं फुटतात, त्यामुळे पावसाच्या दिवशी मातीच्या गोळ्यासकट उचललेलं रोप दुसरीकडे सहज लागतं. वीतभर अंतर पुरे. खत मी घालत नाही. शेणखताच्या ढिगाजवळ उगवलेली झाडं बघून हे ठरवलं: ती कमरेएवढी होतात, खोड काचेसारखं पाणीदार होतं आणि श्रावणातल्या वाऱ्याने मधूनच मोडतात. जांभ्याच्या हलक्या मातीत वाढलेला तेरडा गुडघ्याच्या जरा वर राहतो, पण उभा राहतो. आमच्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, तोही चार महिन्यांत. तो सोसायची ताकद या झाडात उपजत आहे. फक्त पाणी साचू द्यायचं नाही. पागोळीखाली मात्र रोपं टिकत नाहीत, तिथे धार थेट मानेवर बसते.

गोगलगायींचा त्रास जुलैमध्ये होतो. त्या रात्री येतात आणि कोवळे शेंडे साफ करतात. मी सकाळी उजाडताच हाताने वेचते. औषध टाकत नाही. कारण पट्टीत फक्त तेरडाच राहतो असं नाही.

कोण कोण राहतं हे बघणं हा मला या कामातून मिळालेला सर्वांत मोठा आनंद आहे. पानाच्या देठाला बारीक गाठी असतात, त्यांतून गोड रस पाझरतो आणि फूल यायच्या कितीतरी आधीपासून मुंग्या खोडावर चढउतार करत असतात. फूल येतं ते पानाच्या बगलेत, नाजूक देठावर, पानाखाली जरा लपून. मागच्या बाजूला वाकडी, बारीक नळी असते आणि मध त्या नळीच्या टोकाला. निळ्या पट्ट्यांच्या मधमाश्या आधी हवेत जागच्या जागी घोटाळतात, मग सरळ आत शिरतात. आत शिरताना त्यांची पाठ वरच्या पांढुरक्या टोपीला घासते. पाच पुंकेसर एकमेकांना चिकटून ही टोपी झालेली असते आणि ती स्त्रीकेसरावर घट्ट बसलेली असते. म्हणजे उमलल्यावर फूल आधी फक्त पराग देतं. पुढे ती टोपी गळून पडते, खालचा स्त्रीकेसर उघडा होतो आणि तेच फूल आता पराग घेऊ लागतं. एका फुलाचा पराग त्याच फुलाला लागू नये म्हणून ही व्यवस्था. भिंग घेऊन बसलं तर दोन्ही अवस्थांतली फुलं एकाच झाडावर दिसतात. माझ्या भाच्याला मी हे दाखवलं तेव्हा त्याने पट्टीतलं प्रत्येक फूल तपासून ‘हा दादा, ही ताई’ अशी वाटणी केली.

हे फूल वहीत दाबून ठेवता येत नाही. पाकळ्या इतक्या पातळ आणि पाणीदार की त्यांचा नुसता डाग उरतो. या कुळातल्या वनस्पतींचा अभ्यास अवघड मानला जातो त्याचं एक कारण हेच. सर जोसेफ हूकर यांच्यासारखा वनस्पतिशास्त्रज्ञ आयुष्याच्या शेवटच्या वर्षांत, १९११ मध्ये जाईपर्यंत, भारतातल्या आणि आशियातल्या तेरड्यांची वाळलेली फुलं भिजवून, उलगडून त्यांचं वर्गीकरण करत होता. भारतात तेरड्याच्या दोनशेहून जास्त जाती आहेत आणि त्यांतल्या बहुतेक जगात दुसरीकडे कुठेही नाहीत. आपल्या अंगणातला तेरडा, इम्पेशन्स बाल्समिना, हा त्यांतला सर्वांत सोशिक आणि सर्वदूर पसरलेला.

ऑगस्टमध्ये पानांना मोठी भोकं दिसू लागली की मी पानं उलटवून बघते. हॉक मॉथची अळी असते: काळपट, पिवळ्या रेघांची, अंगावर डोळ्यांसारख्या ठिपक्यांची रांग आणि शेपटीवर एक शिंग, जे चालताना पुढेमागे हलत राहतं. पहिल्यांदा बघणारा दचकतो. ती चावत नाही, विषारी नाही. दोन-तीन झाडं ती उघडी करते आणि मग मातीत उतरून कोष करते. पुढे एका संध्याकाळी लांब सोंडेचा पतंग रातराणीवर घिरट्या घालताना दिसला की मला तिची आठवण होते. ज्या बागेत तेरड्याचं एकही पान खाल्लेलं नसतं, ती बाग मला अपुरी वाटते.

नर्सरीत मिळणारा दुहेरी पाकळ्यांचा तेरडा मी पट्टीत लावत नाही. दिसायला तो सुंदर आहे, गुलाबासारखा भरगच्च. पण पाकळ्यांच्या त्या दाटीत माशीला वाट सापडत नाही, आणि मी पाहिलं आहे की माश्या त्याच्यावरून तशाच पुढे जातात. शिवाय तो आणि रानचा एकाच जातीचे. शेजारी शेजारी लावले तर बी मिसळतं. वाडीतल्या बांधावरचं मूळचं बी शुद्ध राहावं असं मला वाटतं, म्हणून हौसेचा तेरडा घरासमोर कुंडीत आणि रानचा मागे, असंही करत नाही. मागचाच ठेवला आहे.

गौरीचा आणि तेरड्याच्या बीचा मेळ दरवर्षी वेगळा बसतो, आणि हे मला पट्टी सांभाळायला लागल्यावरच कळलं. २०२३ साली अधिक श्रावण होता. गणपती १९ सप्टेंबरला बसले, गौरी २१ तारखेला आल्या. त्या वर्षी मोसमी पाऊस कोकणात ११ जूनच्या सुमारास उशिरा पोचला आणि पुढे ऑगस्ट असा कोरडा गेला की देशभराच्या १९०१पासूनच्या नोंदींत तसा ऑगस्ट नव्हता. दुपारी तेरडा मान टाकायचा, संध्याकाळी विहिरीचं पाणी घातलं की उभा राहायचा. गौरी उशिरा आल्यामुळे तोवर बोंडं पिकली होती. घरात आणलेल्या गौरीच्या अंगावरच ती फुटत राहिली आणि आरतीच्या वेळी पाटाभोवती बी सांडलेलं दिसायचं. मी ते केराबरोबर जाऊ दिलं नाही, वेचून पट्टीत टाकलं. उलट २०२५ साली गौरी ३१ ऑगस्टलाच आल्या. त्या वर्षी पाऊस मेच्या शेवटच्या आठवड्यातच कोकणात शिरला होता म्हणून झाडं मोठी झाली होती, फुलांनी लगडली होती, पण बोंडं हिरवी होती. अशा वर्षी सगळा तेरडा उपटला तर पुढच्या वर्षासाठी मातीत जवळपास काहीच पडत नाही.

आणि आपण उपटतो काय? सगळ्यात उंच, सगळ्यात आधी फुललेली, सरळ खोडाची झाडं. देवीला चांगलंच द्यायचं म्हणून. मागे उरतात ती किडकी, उशिरा आलेली, सावलीत खुरटलेली. बी धरतं ते त्यांना. वर्षानुवर्षं हेच चालू राहिलं तर उतारावरचा तेरडा काय प्रतीचा होणार, हे कुठल्याही शेतकऱ्याला सांगावं लागत नाही. भाताचं बियाणं तो सर्वांत भरलेल्या लोंबीचंच राखतो. म्हणून आमच्याकडे गौरीच्या आठवडाभर आधी मी पट्टीतल्या सर्वांत चांगल्या झाडांना लाल दोरा बांधते. दोरा बांधलेलं झाड उपटायचं नाही. सासूबाईंना हे पटलं. त्या म्हणाल्या, तीही गौरच, ती माहेरी ठेवली असं समजू. आता शेजारच्या दोन घरांत दोरे बांधतात आणि चाकरमान्यांची मुलं दोऱ्याची झाडं शोधत फिरतात.

गावाबाहेरच्या रस्त्याच्या कडेला मात्र अजून काही करता आलेलं नाही. गणपतीच्या तोंडावर कडेचं गवत यंत्राने कापलं जातं, त्यात फुललेला तेरडाही जातो. कापणी दोन महिने पुढे ढकलली तर बी पडून जाईल. मी संबंधितांशी बोलले आहे, पुन्हा बोलणार आहे. वाहनांना वळण दिसायला हवं हे मान्य आहे. वळणावर कापा, सरळ भागात राहू द्या, इतकंच माझं म्हणणं आहे.

पट्टी बघून पुष्कळजण बी मागतात आणि मी आनंदाने देते, पण आसपासच्या गावांतच. सातारा जिल्ह्यातल्या कासच्या पठारावरून तेरडा आणून लावता येईल का, असं बरेचजण विचारतात. तिथला बुटका तेरडा, इम्पेशन्स लॉवी, ही वेगळीच जात आहे. बाराशे मीटर उंचीवर, सड्यावरच्या चार बोटं मातीत, धुक्यात वाढणारी. ती आपल्या अंगणात जगणार नाही, आणि पश्चिम घाटाच्या जागतिक वारशात २०१२ पासून असलेल्या त्या पठारावरून एक काडीही उचलायची नसते. झाड त्याच्या जागेवरून हलवलं की काय होतं याचं एक उदाहरण तेरड्याच्याच घरातलं आहे. हिमालयातला गुलाबी तेरडा १८३९ मध्ये शोभेचं झाड म्हणून इंग्लंडला नेला. आज तिथल्या नदीकाठांवर त्याचं रान माजलं आहे आणि ते उपटायला स्वयंसेवकांचे गट दर उन्हाळ्यात पाण्यात उतरतात. हिमालयात त्याला आवरणारे किडे, हवामान, शेजारी होते. तिथे यांतलं काही नव्हतं.

या वर्षी गौर आणायला जाल तेव्हा सर्वांत उंच आणि सर्वांत आधी फुललेली पाच-सहा झाडं उभी ठेवा. बी हवं असेल तर आपल्याच गावच्या बांधावरचं, विचारून, मूठभरच घ्या. आणि अंगणात ब्लॉक घालायचं ठरलंच असेल तर गडग्याकडची हातभर रुंद पट्टी मातीची सोडा. तेरड्याला तेवढी पुरते.